गाडी थांबते का?

बहिणीचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलो होतो. जेवलास का, वहिनी कशी आहे, असलं काही तिने विचारलं नाही. सरळ म्हणाली, "उद्या उद्यमबागेत जाऊन ये. पोरांनी गाडी बांधलीय. किती पळते ते मला सगळे सांगतात. थांबते का, ते कुणीच सांगत नाही. तेवढं बघून मला सांग."

बहीण बैलहोंगलच्या कन्नड घरात दिलेली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, त्या वेळी बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. अज्जीशी कन्नड, आईशी मराठी आणि मित्रांशी दोन्हीची मिसळ, असा आपल्याकडच्या अनेक घरांसारखाच त्याचा कारभार. आदल्या रविवारी मैदानावर गाडीची चाचणी घेताना त्याने ब्रेक दाबला, पेडल तळाला गेलं आणि गाडी मातीच्या ढिगाऱ्यात शिरली. मनगट मुरगळलं. घरी त्याने क्रिकेट खेळताना लागलं म्हणून सांगितलं. पण मित्राने मोबाइलवर काढलेलं चित्रण आईपर्यंत पोचायला हल्ली कितीसा वेळ लागतो?

मी मराठीचा प्राध्यापक. शुद्धलेखनाच्या चुका काढण्यात माझी निम्मी हयात गेली. नट कोणता आणि बोल्ट कोणता एवढं मला कळतं, त्यापुढे नाही. पण मामाच्या नात्याला ज्ञानाची अट नसते. सकाळी गेलो.

उद्यमबागेतल्या एका शेडच्या मागच्या बाजूला ती गाडी उभी होती. गाडी म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा, त्यात एक खुर्ची, पाठीमागे इंजिन आणि चार जाडजूड चाकं. ना दार, ना काच. इंजिनिअरिंगच्या मुलांची ही एक स्पर्धा असते, तिला 'बाहा' म्हणतात. मूळ स्पर्धा 1976 साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. आपल्या देशात ती 2007 साली इंदूरजवळच्या पीथमपूरला सुरू झाली. आराखडा मुलांनीच काढायचा, गाडी मुलांनीच बांधायची. इंजिन मात्र सगळ्यांना सारखं आणि ताकदीने बेताचं. शेवटी खड्डे, टेकाडं आणि चिखल यांतून काही तास गाडी पळवायची. पण त्याआधी एक परीक्षा असते. वेगात येऊन ब्रेक दाबायचा आणि चारही चाकं जागच्या जागी जाम झाली पाहिजेत. जो संघ यात नापास, त्याला शर्यतीत उतरता येत नाही. म्हणजे माझ्या बहिणीचाच प्रश्न त्या परीक्षकांनाही पडलेला असतो.

स्वतः गाडी बांधायचा हा नाद जगात जुना आहे. इंग्लंडमध्ये तर त्याचा घरगुती धंदाच झाला. 1957 साली कॉलिन चॅपमन या अभियंत्याच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची छोटी गाडी काढली. ती सुट्या भागांच्या रूपात घेतली तर तयार गाडीवर लागणारा खरेदी कर वाचत असे. त्यामुळे अनेकांनी आपल्या घरच्या गॅरेजमध्ये ती जोडली. 1973 साली तो कर गेला आणि त्याच वर्षी त्या गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. पण नाद गेला नाही. अशा गाड्यांना तिथे 'किट कार' म्हणतात. सांगाडा एकाचा, इंजिन दुसऱ्या जुन्या गाडीचं, मागचे ब्रेक तिसरीचे, असा तो संसार. म्हणूनच तिथे अशी गाडी रस्त्यावर आणण्याआधी सरकारी तपासणी करून घ्यावी लागते आणि त्या तपासणीत ब्रेक कसून पाहिले जातात.

आपल्याकडे तसं करता येत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्यामुळे पोरांची गाडी मैदानातच पळायची. भाच्याला हे माहीत होतं. "रस्त्यावर कुठं नेणार आहे मामा?" तो म्हणाला. जणू मैदानावर ब्रेकची गरजच नसते.

इंग्लंडमधला हौशी माणूस आणि उद्यमबागेतली ही पोरं, दोघांचीही अडचण मात्र एकाच जागी होते. ती कुठे, हे मला अण्णांनी दाखवलं.

अण्णा म्हणजे त्या शेडच्या मालकांचे स्नेही. आयुष्य कारखान्यात फिटर म्हणून गेलं, आता निवृत्त. घरी करमत नाही म्हणून सकाळी डबा घेऊन शेडमध्ये येऊन बसतात. बोलणं कन्नड, पण दर चौथा शब्द मराठी. पोरांनी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं, कारण ती संगणकावर आराखडा काढत होती आणि अण्णांना संगणक येत नव्हता. त्या दिवशी मी माझं अज्ञान त्यांच्यापुढे मोकळं केलं आणि ते उठले.

त्यांनी पाना हातात घेतला नाही. गाडीची मागची बाजू जॅकवर उचलायला लावली आणि डावं चाक हाताने फिरवलं. ते पाच-सहा फेरे फिरून सावकाश थांबलं. मग उजवं फिरवलं. ते एक फेरा जेमतेम पुरा करून अडलं. अण्णांनी कान जवळ नेला आणि मलाही ऐकायला लावलं. घासल्याचा आवाज येत होता, अखंड.

"हे ओळखायला शिका," ते म्हणाले. "फेऱ्यात एकदाच घासलं तर डिस्क आऊट आहे. सारखंच घासत राहिलं तर कॅलिपरचं काहीतरी बिघडलंय."

कॅलिपर म्हटलं की फिटर मंडळींना मापाचं हत्यार आठवतं. इथे ते नव्हे. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ठोकळा म्हणजे कॅलिपर. त्याच्या आत डिस्कच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन पॅड असतात. घरातलं ताट अंगठा आणि बोट यांत उभं धरा आणि दुसऱ्या हाताने फिरवा. चिमटी आवळली की ताट थांबतं. डिस्क ब्रेकचं सगळं शास्त्र एवढंच.

ही कल्पनाही नवी नाही. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने 1902 साली तिचं पेटंट घेतलं होतं. पण तिची खरी कदर झाली ती 1953 साली. डिस्क ब्रेकच्या जग्वार गाडीने तेव्हा फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. ज्याचा ब्रेक भरवशाचा, तो वळणाच्या अगदी जवळ जाईपर्यंत वेग राखू शकतो, हे सगळ्यांना तेव्हा कळलं. आपल्या गल्लीत डिस्क ब्रेक आला तो मोटारसायकलवरून, 1990 च्या दशकाच्या अखेरीस.

पोरांनी मागच्या दोन्ही चाकांना मोटारसायकलचीच कॅलिपरं बसवली होती. या जातीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो जवळचा पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट रेट्याने सगळा ठोकळा दोन पिनांवरून सरकतो व पलीकडचा पॅड ओढून आणतो. म्हणजे ढकलतो एकच, पण दाब दोन्ही बाजूंना सारखा पडतो. मात्र त्यासाठी ठोकळा पिनांवरून मोकळा सरकला पाहिजे, आणि त्या पिना डिस्कच्या तोंडाशी अचूक काटकोनात असल्या पाहिजेत. काटकोन बिघडला की ठोकळा अडकतो. पाय पेडलवरून काढला तरी पॅड सुटत नाही, डिस्क तापत राहते.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीत हा काटकोन कंपनी सांभाळते. कॅलिपर ज्या कानांवर बसतं ते कान आणि चाकाच्या बेअरिंगचं घर एकाच तुकड्यात ओतून एकाच मापाने घासलेले असतात. घरी बांधलेल्या गाडीत कॅलिपर एका गाडीचं, चाकाचा हब दुसऱ्या गाडीचा. त्या दोघांना जोडणारा ब्रॅकेट मात्र आपण पत्रा कापून बनवलेला. इंग्लंडमधल्या हौशी माणसाची आणि आमच्या पोरांची अडचण होते ती इथे.

अण्णांनी आधी डिस्क तपासली. लोहचुंबकाच्या बैठकीवर डायल गेज लावला, त्याचं टोक डिस्कवर टेकवलं आणि चाक सावकाश एक फेरा फिरवलं. काटा पाव मिलिमीटर हलला. मोटारीच्या डिस्कला साधारण एक दशांश मिलिमीटरच्या आत डोलणं चालतं, त्याच्यावर नाही. डिस्क काढल्यावर कारण दिसलं. पोरांनी हौसेने हबला लाल रंग दिला होता, अगदी डिस्क जिथे टेकते त्या तोंडालासुद्धा. रंगाचा पापुद्रा कुठे जाड, कुठे पातळ. तो खरवडून, तोंड स्वच्छ पुसून डिस्क परत बसवली तेव्हा काटा 0.08 वर आला. "रंग दिसायच्या जागी द्या," अण्णा म्हणाले. "बसायच्या जागी नको."

मग कॅलिपर. ते काढून अण्णांनी ब्रॅकेटचे दोन कान आणि डिस्क यांमधलं अंतर व्हर्नियरने मोजलं. वरच्या कानाशी 14.2 मिलिमीटर, खालच्या कानाशी 15.6. दोन कानांमध्ये अंतर 80 मिलिमीटर. भाच्याने लगेच हिशेब करून सांगितलं, एक अंशाचा फरक.

एक अंश. मला तर हे काहीच वाटलं नाही. मी उत्तरपत्रिकेत याहून मोठ्या चुका सोडून देतो. तेव्हा अण्णांनी काढलेले पॅड माझ्या हातात ठेवले. नव्या पॅडची जाडी सगळीकडे सारखी असते. हे पॅड एका टोकाला झिजून पाचरीसारखे झाले होते. "तुमचा एक अंश याने खाल्लाय," ते म्हणाले. पिस्टनभोवतीचं रबर ब्रेक सुटल्यावर पिस्टनला मागे ओढतं, पण किती? मिलिमीटरचा एखाद-दुसरा दशांश. कॅलिपर दीड मिलिमीटरने तिरकं असेल तर त्या बिचाऱ्या रबराने काय करायचं?

तिरकेपणा आला कुठून? आराखड्यात ब्रॅकेट बरोबरच होता. पण वेल्डिंग थंड होताना लोखंड ओढलं जातं. नुसता ब्रॅकेट डोळ्याच्या अंदाजाने धरून एका बाजूने सलग वेल्डिंग मारलं की तो त्या बाजूला झुकतोच. अण्णांच्या मते आधी डिस्क, पॅड आणि कॅलिपर सगळं जागेवर बसवायचं, ब्रॅकेट त्याला बोल्टने आवळायचा, मग नुसते टाके मारून घ्यायचे. कॅलिपर उतरवायचं, एकदा इकडे, एकदा तिकडे असं थोडं थोडं वेल्डिंग करायचं आणि शेवटी पुन्हा मोजायचं.

पोरांनाही काहीतरी बिघडल्याची शंका आली होतीच. त्यांनी वरच्या कानाखाली तीन पातळ वॉशर घातले होते. अण्णांनी ते काढून टेबलावर मांडले. तिन्हींची जाडी वेगळी. "एकाच कानाखाली वॉशर घातला की कॅलिपर सरळ दिसतं, पण बोल्टचं डोकं तिरकं टेकतं. बोल्ट वाकतो. ब्रेक दाबला की सगळा जोर त्याच्यावर. एक दिवस तुटतो. कोणता दिवस, ते तो सांगत नाही."

हे ऐकताना भाचा आपल्या मनगटाकडे बघत होता.

अण्णांनी चाक धरून ठेवणारा तो अख्खा भाग उतरवून मिलिंग मशीनवर बांधला. बेअरिंगच्या घराचं तोंड प्रमाण धरून ब्रॅकेटचे दोन्ही कान एका पातळीत घासून घेतले. घासल्याने दोन्ही कान मागे सरले. ते अंतर भरून काढायला लेथवर एकाच जाडीचे दोन गोल ठोकळे कातून दोन कानांखाली एकेक ठेवले. वॉशरांची चळत नव्हे. आता दोन्हीकडे अंतर सारखं आलं आणि डिस्क कॅलिपरच्या फटीत अशी बसली की पॅड झिजत गेले तरी ठोकळ्याला सरकायला जागा उरावी.

अजून एक गोष्ट राहिली होती. स्केचपेनने डिस्कवर आडव्या रेघा मारून हलका ब्रेक दाबत चाक फिरवलं. रेघा जिथे पुसल्या तिथे पॅड टेकतो. पॅडची वरची कड डिस्कच्या कडेला बरोबर मिळाली पाहिजे. पॅड बाहेर डोकावत असेल तर डोकावणारा भाग झिजत नाही, त्याची कंगोऱ्यासारखी कड तयार होते आणि पुढे ती डिस्कच्या काठावर अडकते. इथे पॅड नीट बसला होता. अण्णा मान हलवून म्हणाले, "बरोबरि ऐती."

आता तुमच्या लक्षात आलं असेल, हे आपलंच 'बरोबर'. आपल्या भागातल्या कन्नडने ते कधीच घरात घेतलं आहे. मराठीत या शब्दाचे तीन अर्थ आहेत. अचूक, समान आणि सोबत. त्या कॅलिपरला हे तिन्ही अर्थ हवे होते. काटकोन अचूक, दाब समान आणि दोन्ही पॅड एकमेकांसोबत. मी वर्गात हा शब्द वीस वर्षं शिकवतो आहे, पण उदाहरण म्हणून इतकं चांगलं काही माझ्याकडे नव्हतं.

घासणं थांबलं. चाक दोन्हीकडे सारखं फिरू लागलं. पण पेडल? ते अजूनही दाबलं की स्पंजासारखं आत जात होतं. ढिगाऱ्यात शिरायचं कारण खरं म्हणजे हेच होतं.

पेडल स्पंजासारखं लागणं म्हणजे नळीत हवा आहे. ब्रेकचं ऑइल दाबलं जात नाही म्हणून पायाचा जोर थेट पिस्टनपर्यंत पोचतो. हवा मात्र दाबली जाते, आणि आपला जोर ती हवाच खाऊन टाकते. पोरांनी पाच वेळा हवा काढली होती, ऑइलचे डबे रिकामे केले होते, तरी हवा जात नव्हती. अण्णा खाली वाकले, उजव्या कॅलिपरकडे बघितलं आणि हसले. हवा काढायचं निपल खालच्या बाजूला होतं.

हवा वर जाते, हे चौथीतलं पोर सांगेल. निपल कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला असेल तरच हवा त्यातून बाहेर पडते. खाली असेल तर ऑइल निघत राहतं आणि हवेचा बुडबुडा वर आरामात बसून राहतो. झालं होतं असं. मोटारसायकलचं कॅलिपर एकाच बाजूसाठी बनवलेलं असतं. डाव्या चाकाला ते आसाच्या मागे लावलं की निपल वर येतं. तेच उजव्या चाकाला आसाच्या मागेच लावायचं तर उलटं टांगावं लागतं. ते आसाच्या पुढे लावलं असतं तर निपल वरच राहिलं असतं. पण दोन्ही बाजू दिसायला सारख्या हव्यात म्हणून पोरांनी दोन्ही मागे लावली होती. दिसायला सारखं आणि कामाला सारखं, यांतला फरक मला त्या शेडमध्ये कळला.

आता जागा बदलायची तर पुढे सस्पेन्शनचा दांडा आडवा येत होता आणि पीथमपूरला जायला तीन आठवडे उरले होते. अण्णांनी दुसरी वाट काढली. उजवं कॅलिपर बोल्ट सोडून उतरवलं, नळी तशीच जोडलेली ठेवली, दोन पॅडांच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी धरली, म्हणजे पेडल दाबल्यावर पिस्टन बाहेर येऊ नये. मग निपल वर येईल असं कॅलिपर हातात धरून हवा काढली. एक पोरगा पेडल दाबून धरतो, दुसरा निपल किंचित सोडतो आणि पेडल सुटण्याआधी पुन्हा आवळतो. चौथ्या वेळी फसफस करत बुडबुडे आले, आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं.

पोरं ओरडली. लगेच गाडी बाहेर काढायला धावली. अण्णांनी हात आडवा केला. "निधानक माड्री." सावकाश करा.

कन्नडमध्ये 'निधान' म्हणजे सावकाशपणा, धीर. 'निधानवे प्रधान' अशी म्हणच आहे त्या भाषेत. मराठीत 'निधान' म्हणजे ठेवा, पुरलेलं धन. एकच संस्कृत शब्द दोन घरांत गेला आणि दोन अर्थांनी नांदला. माझ्या बहिणीच्या घरात अज्जी नातवाला दिवसातून दहा वेळा हा शब्द ऐकवते. त्याने तो अण्णांच्या तोंडून ऐकल्यावर पहिल्यांदा मनावर घेतला.

सावकाश म्हणजे काय, तेही अण्णांनी करून दाखवलं. बोल्ट साधे नव्हेत, जास्त ताकदीचे. चुड्यांना पकड धरणारं द्रावण लावून ठरलेल्या जोराने आवळले, आणि बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सैल झाला, हे लांबूनही कळतं. गाडीची मागची बाजू पूर्ण उचलून आणि पूर्ण दाबून ब्रेकची रबरी नळी कुठे ताणते का, टायरला घासते का, ते बघितलं. पिना पुसून सिलिकॉनचं ग्रीस लावलं. साधं ग्रीस तिथे लावायचं नाही, त्याने रबर फुगतं. शेवटी पाचर झालेले पॅड फेकून नवे घातले, आणि मैदानावर आधी हळू, मग जरा वेगात असे पंधरा-वीस वेळा ब्रेक मारून ते डिस्कवर बसवून घेतले. नवा पॅड पहिल्याच दाबाला पूर्ण पकडत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी भाच्याला बजावली. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. म्हणून मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. पुढे-मागे जोर वाटणारा दांडा पेडलपाशी असतो, तो त्याच हिशेबाने लावायचा. मागचा ब्रेक जोरदार असण्यापेक्षा प्रमाणात असावा.

घरी आल्यावर मी माझी स्कूटर स्टँडवर लावली आणि पहिल्यांदाच पुढचं चाक हाताने फिरवून ऐकलं. तुमच्या घरीही डिस्क ब्रेकची दुचाकी असेल तर तेवढं जरूर करा. ब्रेक सोडल्यावर चाक मोकळं फिरतं का? घासल्याचा आवाज सारखा येतो की फेऱ्यात एकदा? दोन्ही पॅड सारखे झिजलेत की एकच? ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खालच्या खुणेच्या वर आहे का? हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, मग कमी उष्णतेलाही उकळू लागतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावं. ते रंगावर सांडलं तर रंग जातो, लगेच पाण्याने धुवावं. आणि गाडी धुतल्यावर कुणी प्रेमाने डिस्कवर ऑइलचा हात फिरवत असेल तर त्याचा हात धरा.

बहिणीला मी त्या रात्री फोन केला नाही. आपल्या डोळ्यांनी बघितलेलंच सांगायचं होतं. पुढच्या रविवारी त्याच मैदानावर गेलो. ढिगारा तिथेच होता, त्यात चाकांच्या खुणाही होत्या. भाच्याने हेल्मेट चढवलं, पट्टे आवळले, लांबून वेगात आला आणि अण्णांनी आखलेल्या चुन्याच्या रेघेवर ब्रेक दाबला. चारही चाकं एकदम जाम. धुळीत चार रेघा उमटल्या, सरळ, एकमेकींना समांतर. अण्णा त्या रेघांवरून चालत गेले, वाकून बघितलं आणि काही न बोलता परत आले.

मी तिथूनच फोन लावला.

"थांबते," म्हटलं.

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "त्या मिस्त्रींना एकदा घरी जेवायला घेऊन ये."

पीथमपूरला ब्रेकची परीक्षा पोरं पहिल्या खेपेला पास झाली. शर्यतीत त्यांचा नंबर आला नाही, दोन तासांनी मागचा एक्सल तुटला. परतताना भाच्याने सगळ्यांत आधी अण्णांना फोन केला आणि कन्नडमध्ये बराच वेळ एक्सलबद्दल बोलत राहिला. पुढच्या वर्षीच्या गाडीचा आराखडा काढायला बसताना पोरांनी संगणकाशेजारी एक खुर्ची जास्त ठेवली होती.